जॉन स्पर्लिंग आणि फिनिक्सचं विद्यापीठ: दिवाळी अंकात या माणसावर कसं लिहू?

वाळवंटातली_मृण्मयी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली सोळा वर्षं मी फिनिक्सजवळ चँडलरला राहते आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा 'ॲरिझोना घडवणारी माणसं' असं सदर आहे. माझ्या वाट्याला जॉन स्पर्लिंग आला, म्हणजे 'युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स'चा संस्थापक. हजार शब्द लिहायचेत.

त्याचं आयुष्य वाचताना मी हरखून गेले. १९२१ साली मिझुरीतल्या ओझार्क डोंगरात जन्म, घरात अठराविश्वे दारिद्र्य. बाप मारकुटा. तो गेला तो दिवस आयुष्यातला सर्वांत आनंदाचा होता, असं स्पर्लिंगने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. शाळा संपली तरी धड वाचता येत नव्हतं. मग मालवाहू जहाजावर खलाशी झाला आणि तिथल्या सोबत्यांच्या संगतीत वाचायला शिकला. पुढे रीड कॉलेज, बर्कली, आणि शेवटी केंब्रिजची डॉक्टरेट! सॅन होजे स्टेटमध्ये प्राध्यापक झाला, शिक्षक संघटनेचा पुढारी झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी निधीतून पोलीस आणि शाळाशिक्षकांसाठी एक अभ्यासक्रम चालवला. नोकरी करणारी ही मोठी माणसं शिकायला किती आसुसलेली आहेत हे त्याला तिथे दिसलं. त्यांच्यासाठी संध्याकाळी पदवीचे वर्ग काढू म्हणाला, तर विद्यापीठाने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पन्नाशी उलटलेल्या या माणसाने मग स्वतःची साठवण घालून संस्था काढली. कॅलिफोर्नियातल्या मान्यता मंडळाशी बिनसलं म्हणून १९७६ साली फिनिक्सला आला. १९७८ साली इथे मान्यता मिळाली.

इथवर लेख धावत लिहिला आणि अडकले. माझ्याबरोबर दोघीजणी काम करतात. एक नर्स. दोन मुलं सांभाळत, रात्री शिकत तिने युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्समधून बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी केली. आज अख्खा मजला तिच्या हाताखाली आहे. दुसरी आमच्याच लॅबमधली. ती नफ्यासाठी चालणाऱ्या दुसऱ्याच एका कॉलेजात गेली (नाव नको). पदवी अर्धवट राहिली, कर्ज एकतीस हजार डॉलर. चौदा वर्षं फेडतेय. मी स्पर्लिंगवर लिहितेय म्हटल्यावर पहिली म्हणाली, माझ्या नावाने एक फूल वाहा त्याला. दुसरी डबा मिटून उठून गेली.

आता सांगा, हा माणूस कसा मांडू? तुमचे अनुभव असतील तर जरूर लिहा.

---

रात्रपाळी

ताई, तुमच्या त्या नर्ससारखीच मीही एक. टुसॉनला होते. दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन आरएन (नोंदणीकृत नर्स) झाले होते, पुढे बीएसएन करायचं होतं. सरकारी विद्यापीठात चौकशी केली तर सगळे वर्ग दिवसा. मी रात्रपाळी करून सकाळी घरी येणार, मुलाला शाळेत सोडणार, आणि मग वर्गात बसणार? झोपायचं कधी?

युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सचे वर्ग फ्रीवेलगतच्या एका ऑफिसच्या इमारतीत भरायचे. आठवड्यातून एक संध्याकाळ, सहा ते दहा. एका वेळी एकच विषय, पाच आठवड्यांत संपवायचा आणि मग पुढचा. चार-पाच जणींचा गट करून गृहपाठ. हॉस्पिटलचं बजेट शिकवायला आलेल्या बाई दिवसा खरोखर एका हॉस्पिटलचा हिशेब बघायच्या. मंगळवारी शिकलेलं बुधवारी वॉर्डात वापरता यायचं. पार्किंग दाराशी होतं हेही लिहा. हसू नका, रात्री दहाला एकट्या बाईला ते फार मोठं असतं.

फी भरपूर होती, पण निम्मी हॉस्पिटलने भरली. पदवी हातात आल्यावर दोन वर्षांत पगारात फरक पडला. माझा तरी या माणसाला नमस्कार.

---

देवरूखकर

रात्रपाळी यांचा अनुभव मान्य. पण कागदावर जे आहे तेही लिहायला हवं.

२००४: विद्यार्थी जितके आणाल तितका पगार, अशी भरती करणाऱ्यांची व्यवस्था आहे, असा ठपका केंद्रीय शिक्षण खात्याच्या तपासणीने ठेवला. असा पगार देणं अमेरिकेत १९९२ पासून कायद्याने बंद आहे. विद्यापीठ चालवणाऱ्या कंपनीने ९८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

२००९: तिथेच भरतीचं काम केलेल्या दोघींनी त्याच मुद्द्यावर खटला भरला होता. तो ६ कोटी ७५ लाख डॉलर अधिक वकिलांचे १ कोटी १० लाख देऊन मिटवला. दोन्ही वेळा दोष मान्य केला नाही.

२०१९: मायक्रोसॉफ्ट, ट्विटर, याहू असल्या कंपन्यांशी आमचं संधान आहे, तिथे नोकरीच्या संधी आहेत, असा भास करणाऱ्या जाहिराती. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड. हे त्याच्या मृत्यूनंतर झालं, पण जाहिराती २०१२ पासूनच्या.

एकदा चूक होते. तीनदा होते तेव्हा ती कामाची पद्धत असते. फूल वाहण्याआधी हे लिहा.

---

बोकेराव

कुत्र्या-मांजरांच्या क्लोनिंगला पैसे देणारा तोच ना हा? माझ्या आयडीमुळे मला हे विचारणं भाग आहे.

---

वाळवंटातली_मृण्मयी

@बोकेराव, हो, तोच! घरच्या 'मिसी' नावाच्या कुत्रीचं क्लोन करायचं म्हणून त्याने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला लाखो डॉलर दिले. कुत्रीचं तिथे जमलं नाही, पण त्या पैशातून डिसेंबर २००१ मध्ये 'सीसी' जन्माला आली, म्हणजे 'कॉपीकॅट'. जगातली पहिली क्लोन केलेली पाळीव मांजर.

---

बोकेराव

आणि ती मूळ मांजरीसारखी दिसतच नव्हती! 'रेनबो' तीनरंगी होती, सीसी निघाली करडी-पांढरी. जनुकं तीच, पण कुठल्या पेशीत कुठला रंग चालू राहतो ते गर्भात ठरतं. झेरॉक्सवाल्याला रंगीत प्रत मागावी आणि त्याने दुसऱ्याचाच कागद द्यावा, तसं झालं. पुढे सीसी आनंदाने अठरा वर्षं जगली. स्पर्लिंगच्या पैशावर चाललेली क्लोनिंगची कंपनी मात्र २००६ साली बंद पडली.

---

अनघा_ओहायो

मी दुसऱ्या बाजूची. माझं कॉलेज फिनिक्सवाल्यांचं नव्हे, दुसरंच, नाव घेणार नाही.

२००८ साली ग्रीन कार्ड आलं. मुलं तीन आणि पाच वर्षांची. इंटरनेटवर एका पानावर फोन नंबर टाकला आणि अर्ध्या तासात फोन खणखणला. बाई इतक्या गोड बोलायच्या की आईची आठवण यायची. रोज फोन. "अनघा, तुझ्या मुलांनी तुला पदवीच्या गाऊनमध्ये बघायला नको का?" मी इकडे एकटी, नवरा फिरतीवर. माझी चौकशी करणारी ती एकच व्यक्ती होती हो त्या वर्षात.

फॉर्म त्यांनीच फोनवरून भरून घेतला. फेडरल लोन म्हणजे नक्की काय, व्याज कधीपासून, काही विचारलं नाही मी. प्रवेश झाल्यावर त्या बाईंचा फोन पुन्हा कधी आला नाही. पाच विषय केले, धाकटा आजारी पडला, मी सोडलं. दोन वर्षांनी स्टेट युनिव्हर्सिटीत गेले तेव्हा कळलं, त्यातलं एकही क्रेडिट तिथे चालत नाही. चौदा हजार डॉलर आणि हातात शून्य. नंतर कम्युनिटी कॉलेजातून पहिल्यापासून सुरुवात केली, एका विषयाला चारशे डॉलरच्या आत. ते आधी मला कुणी सांगितलंच नाही.

मृण्मयी, ती डबा मिटून उठून गेली ना, मला कळतं ते.

---

केतकी

अनघाताई, वाचून गलबललं. एक बाळबोध प्रश्न: युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स चालवणाऱ्या कंपनीचं नाव अपोलो ग्रुप आहे असं दिसलं. आपल्याकडच्या अपोलो हॉस्पिटलचं याच्याशी काही नातं?

---

हिशेबनीस

@केतकी, काही नातं नाही. गोंधळ आणखी वाढवतो: २०१७ साली ही कंपनी सुमारे ११० कोटी डॉलरला विकली गेली, आणि विकत घेणाऱ्यांत 'अपोलो ग्लोबल मॅनेजमेंट' होती. तिचाही या अपोलोशी आधी काही संबंध नव्हता. ग्रीकांचा देव सगळ्यांनाच आवडतो.

आता मूळ मुद्दा. मी कॉलेजांचे लेखे तपासण्याच्या कामात होतो, म्हणून पैशाची वाट कशी असते ते सांगतो.

विद्यार्थी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज घेतो, पण पैसे त्याच्या हातात न येता कॉलेजकडे जातात. फी कापून उरलेले त्याला मिळतात. तो सत्राचा ६० टक्के काळ होण्याआधी सोडून गेला तर कॉलेजला त्या प्रमाणात पैसे परत करावे लागतात. ६० टक्क्यांची रेषा ओलांडून दुसऱ्या दिवशी गेला तरी सगळे पैसे कॉलेजचे. परत न गेलेलं कर्ज मात्र दोन्ही वेळा विद्यार्थ्याच्याच नावावर. दिवाळखोरी जाहीर करूनही ते सहसा सुटत नाही. म्हणजे विद्यार्थी आणला की कमाई, आणि तो पुढे पास झाला की नाही याने त्या कमाईत फारसा फरक पडत नाही. इथे माणूस वाईट असायचीही गरज नसते.

त्यावर लगाम म्हणून नियम आहे: एकूण कमाईतला निदान १० टक्के हिस्सा सरकारी मदतीबाहेरचा हवा. तुमचा माल खरंच चांगला असेल तर कुणीतरी स्वतःच्या खिशातून पैसे देईलच, ही त्यामागची कल्पना. पण निवृत्त सैनिकांना मिळणारे जीआय बिलाचे पैसे बरीच वर्षं त्या 'बाहेरच्या' १० टक्क्यांत धरले जायचे. म्हणून सैनिकांच्या मागे ही कॉलेजं हात धुऊन लागली. ही पळवाट बुजवणारा कायदा २०२१ मध्ये झाला.

---

निवृत्त_मास्तर

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात १९७० च्या दशकात आलो. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग करूनच माझी मास्टर्स झाली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. थोडं सविस्तर लिहितो.

त्या काळच्या अमेरिकन विद्यापीठाच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी म्हणजे अठरा ते बावीस वयाचा, वसतिगृहात राहणारा, आईवडिलांच्या पैशावर शिकणारा मुलगा. पस्तिशीतला पोलीस किंवा दोन लेकरांची आई त्यांच्या हिशेबातच नव्हती. स्पर्लिंग यांनी ती पाहिली, कारण ते स्वतः तसेच उशिरा, वाकड्या वाटेने शिकले होते. जहाजावरच्या खलाशाला पुस्तक काय देऊ शकतं हे केंब्रिजच्या किती प्राध्यापकांना ठाऊक असेल?

आणि सुरुवातीचे नियम बघा. प्रवेशासाठी वय किमान २३ आणि हातात नोकरी हवी. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. कमावता माणूस फी आणि वेळ दोन्हींचा विचार करून येतो, पुष्कळदा मालकच फी भरतो, आणि शिकलेलं लगेच कामाला येतं. रात्रपाळी यांनी वर्णन केलंय ते अगदी हेच.

आपल्याकडे हा विचार नवा नव्हता. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले होते. गरज तीच, तीस वर्षं आधी ओळखलेली. फरक एवढाच की ते काढणाऱ्या संस्थेला भागधारक नव्हते.

एक गोष्ट मात्र मला आजही खुपते. सॅन होजेला १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्राध्यापकांच्या संपाचं पुढारीपण याच माणसाने केलं. संप फसला. आणि त्याच माणसाने पुढे असं विद्यापीठ उभारलं जिथे कायम नोकरीचा प्राध्यापक जवळजवळ नाहीच! सगळे तासावर शिकवणारे, अभ्यासक्रम मध्यवर्ती कचेरीतून ठरून आलेला. आम्ही इथे मूल्यं घडवायला बसलेलो नाही, अशा अर्थाचं ते जाहीरपणे बोलले होते. शिक्षकांच्या हक्कासाठी लढलेला माणूस शिक्षकालाच सहज बदलता येण्याजोगा करून टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

---

देवरूखकर

मास्तर, तेवीस वर्षांच्या अटीचं पुढे काय झालं तेही सांगा ना.

---

निवृत्त_मास्तर

सांगतो. ती सैल झाली. २००४ च्या आसपास कंपनीने दोन वर्षांच्या पदवीसाठी 'ॲक्सिया कॉलेज' काढलं आणि कामाचा अनुभव नसलेली, कॉलेजचं तोंड न पाहिलेली मुलं घ्यायला सुरुवात केली. माझ्या मते तिथे गाडी रूळ सोडून गेली. ज्या माणसासाठी हा साचा बनवला होता तो माणूसच बदलला, साचा तोच राहिला.

---

हिशेबनीस

मास्तरांना अनुमोदन, पण सुरुवात मी दहा वर्षं मागे धरीन. डिसेंबर १९९४ मध्ये शेअर बाजारात आले ना, तिथे. बाजाराला दर तिमाहीत वाढ हवी असते. नोकरी करणारे, वय २३ च्या पुढचे, फी परवडणारे लोक किती असतात? कधीतरी संपतातच. मग कुंपण मागे सरकवावं लागतं. २०१० च्या सुमारास विद्यार्थी साडेचार लाखांवर गेले होते.

---

फोनवरचा_एक

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहितो.

मी अशाच एका कंपनीत फोनवर बसायचो. अनघाताई, तुमच्याशी बोलणारी बाई होती ना, तसा मी होतो. नाव घेणार नाही, कारण ते एकट्या त्यांचंच होतं असं नाही.

मास्टर्स झालं होतं, मंदी होती, दुसरी नोकरी मिळेना. मोठा हॉल, दोनेकशे जण, भिंतीवर फळा. या महिन्यात कुणाचे किती 'स्टार्ट', म्हणजे नवे प्रवेश. खाली असणाऱ्याला सगळ्यांदेखत उभं करायचे. ट्रेनिंगमध्ये सांगायचे की आधी समोरच्याची दुखरी नस शोधा. नोकरी गेली आहे का, नवरा सोडून गेलाय का, मुलांसमोर लाज वाटते का. ती सापडली की तिथेच बोट ठेवा आणि मग म्हणा, यावर उपाय आहे.

फी विचारली तर सरळ आकडा सांगायचा नाही. "तुम्हाला सरकारी मदत मिळेल" एवढंच. कर्ज हा शब्द टाळायचा.

एक बाई होत्या, निवारागृहात राहायच्या, कॉम्प्युटर नव्हता. मी त्यांना ऑनलाइन कोर्सला घातलं. लायब्ररीत जाऊन कराल म्हणालो. त्या तीन आठवडे टिकल्या असतील. अकरा महिन्यांनी मी नोकरी सोडली. त्या बाईंचं नाव मला आजही पाठ आहे.

---

अनघा_ओहायो

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मला राग येईल असं वाटलं होतं, नाही आला. त्या हॉलमध्ये उभं करायचे म्हणालात ना, हे मला माहीतच नव्हतं.

---

रात्रपाळी

मी सगळं वाचतेय. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. दरवेळी "फिनिक्समधले फक्त १६ टक्के पास होतात" असं तोंडावर फेकतात. माझ्या गटातल्या पाचपैकी चौघी पास झाल्या. मुलाखतीत एकदा समोरच्या बाईंनी माझा अर्ज बघून भुवई उंचावली. मी रात्रीचे दोन-दोन वाजवून केलेली पदवी आहे ती. स्पर्लिंगला शिव्या घालताना आम्हीही त्यात भरडल्या जातो, हे लक्षात असू द्या.

---

हिशेबनीस

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्या आकड्याची गोम अशी: तो केंद्र सरकारचा मोजण्याचा प्रकार आहे. त्यात फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ विद्यार्थी धरतात. तुम्ही आधी असोसिएट पदवी घेऊन आलात, म्हणजे तुम्ही त्या मोजणीत नाहीच. कंपनी हेच सांगायची, आणि ते चूक नव्हतं.

पण त्याच मोजणीत अनघाताई, आणि फोनवरचा_एक यांनी सांगितलेल्या त्या बाईंसारखे नवखे लोक येतात. म्हणजे आकडा खोटा नाही, तो दुसऱ्या माणसांचा आहे. माहीतगार माणसाला या विद्यापीठाचा उपयोग झाला, नवख्याचा तोटा झाला. कंपनीलाही हे उमगलं असावं, कारण २०१० साली त्यांनीच नवख्यांसाठी तीन आठवड्यांचा फुकट परिचयवर्ग सक्तीचा केला. जमेल का ते आधी बघा, मग पैसे भरा. त्यानंतर प्रवेश घटले. हे काम वीस वर्षं आधी करता आलं असतं.

---

सोलापुरी_चादर

आपल्याकडचे शिक्षणसम्राट आठवले. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यांच्यामुळेच माझ्यासारखा मुलगा बंगळूरला न जाता घरच्या जवळ इंजिनीअर झाला. आणि डोनेशनसाठी वडिलांनी दोन एकर विकले तेही त्यांच्यामुळेच. दोन्ही खरं.

---

कायद्याचं_बोला

फरक ध्यानात घ्या. आपल्याकडे कागदोपत्री नफ्यासाठी विद्यापीठ काढताच येत नाही, ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीच लागते. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी चालणार नाही, असं म्हटलं. स्पर्लिंगचं वेगळं होतं. त्याने नफा लपवला नाही, पाटीवर लिहून दुकान उघडलं. निदान हिशेब शेअर बाजाराला दाखवावे तरी लागायचे.

सम्राटांसाठी वेगळा धागा काढू या, हा मृण्मयींचा राहू दे.

---

जालनेकर

माझा मुद्दा थोडा अवांतर. स्पर्लिंगने विद्यापीठाच्या पैशातून 'आर्केडिया बायोसायन्सेस' ही शेतीतल्या संशोधनाची कंपनी उभी केली. कमी नत्रात येणारं, खारपट जमिनीत तग धरणारं पीक हा तिचा ध्यास. त्या तंत्रासाठी आमच्या जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीशी तिचा करार होता. शेतकऱ्याच्या घरात युरियाच्या गोणीचा हिशेब काय असतो ते आम्हाला विचारा! असल्या कामाला दहा-पंधरा वर्षं वाट बघणारा पैसा लागतो, आणि त्याने तो लावला.

शिवाय अमली पदार्थांच्या कायद्याबद्दल लिहायला विसरू नका. १९९६ साली ॲरिझोनात जो जनमत ठराव झाला त्यामागे त्याचे पैसे होते. नुसते अमली पदार्थ बाळगले म्हणून तुरुंगात टाकू नका, उपचार द्या, अशी मागणी. साठच्या दशकात स्वतःला कर्करोग झाला होता, तेव्हा दुखणं कमी करायला तो गांजा ओढायचा.

---

देवरूखकर

हे मला माहीत नव्हतं, चांगलं काम आहे. पण जालनेकर, तो पैसा आला कुठून? अनघाताईंसारख्यांच्या कर्जातूनच ना?

---

टेंपीचा_किरण

माझं मत वेगळं आहे. त्याचा खरा वारसा त्याच्या विद्यापीठाबाहेर आहे. १९८९ साली, वेब लोकांच्या घरात यायच्या आधी, त्यांनी मोडेमवरून ऑनलाइन पदवी सुरू केली होती. तेव्हा मोठी विद्यापीठं हसत होती. आज आमच्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे हजारो विद्यार्थी ऑनलाइन शिकतात. २०१४ पासून स्टारबक्सच्या कर्मचाऱ्यांना तिथे पदवी करता येते. सदर्न न्यू हॅम्पशायर, वेस्टर्न गव्हर्नर्स ही ना-नफा विद्यापीठंही याच वाटेने गेली. संध्याकाळचे छोटे विषय, कामकरी विद्यार्थी, कुठूनही शिकणं, हे सगळं सरकारी आणि ना-नफा विद्यापीठांनी उचललं. त्यांनी ते १९७४ सालीच केलं असतं, तर ना स्पर्लिंग झाला असता, ना हा धागा. दार बंद ठेवणाऱ्यांनाही लेखात एक परिच्छेद द्या.

त्या स्टेडियमचाही उल्लेख करा. २००६ साली ग्लेंडेलच्या फुटबॉल स्टेडियमला विद्यापीठाचं नाव द्यायला पंधरा कोटी डॉलरच्या वर मोजायचं ठरलं. आणि विद्यापीठाचा स्वतःचा फुटबॉल संघच नाही! २०१८ साली नाव उतरलं.

---

केतकी

पण या सगळ्याला तो स्वतः किती जबाबदार? नंतर सीईओ वेगळे होते ना?

---

हिशेबनीस

याचं उत्तर शेअरांत आहे. २००१ साली त्याने सीईओपद सोडलं हे खरं. पण बाजारात लोकांनी घेतलेल्या अपोलोच्या शेअरांना मतदानाचा हक्कच नव्हता. मत देणारे शेअर वेगळे, आणि ते स्पर्लिंग आणि त्याच्या मुलाकडे. सीईओ कुणीही असो, गाडीची किल्ली घरातच होती. २००६ साली तो पुन्हा येऊन बसलाही. २०१२ मध्ये कंपनीने ११५ केंद्रं बंद केली, शेकडो लोकांची नोकरी गेली, आणि त्याच वर्षाअखेर निवृत्त होताना त्याला ५० लाख डॉलरचा खास बोनस मिळाला. १९७८ चं श्रेय त्याला देणार असाल तर २००४ ही त्याच्याच खात्यावर मांडावं लागेल.

---

निवृत्त_मास्तर

हे मलाही नवीन. माझ्या मनात नंतरच्या लोकांनी बिघडवलं असं होतं. हिशेबनीस, पटलं.

---

कायद्याचं_बोला

मृण्मयी, लेख राहू दे बाजूला, त्या लॅबमधल्या बाईंचं आधी बघा. त्यांचं कर्ज फेडरल आहे का खाजगी? फेडरल असेल आणि कॉलेजने प्रवेशाच्या वेळी खोटी माहिती दिली असेल, तर 'बॉरोअर डिफेन्स' नावाचा अर्ज शिक्षण खात्याकडे करता येतो. फुकट असतो, वकील लागत नाही. २०२३ मध्ये याच वाटेने युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सच्या बाराशेहून अधिक जणांचं मिळून जवळपास ३ कोटी ७० लाख डॉलरचं कर्ज माफ झालं. प्रवेशाच्या वेळचे ईमेल, जाहिराती, चॅट, काहीही जपून ठेवलं असेल तर जोडा. काय सांगितलं, कुणी सांगितलं, कधी सांगितलं हे तारीखवार लिहा. वेळ लागतो आणि हमी नाही, पण अर्ज करावा. "पैसे द्या, कर्ज माफ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, ती फसवणूक असते. अनघाताई, तुम्हीही बघा.

---

अनघा_ओहायो

माझं फेडून झालं हो तीन वर्षांपूर्वी. तरी बघते.

---

फोनवरचा_एक

मृण्मयीताई, त्यांना अर्जात लिहायला मदत लागली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोनवर कुठली वाक्यं वापरायचे, कुठल्या शब्दाचा काय अर्थ होता, ते मी सांगू शकेन. त्यांना ऐकल्यावर आठवेल.

---

वाळवंटातली_मृण्मयी

मंडळी, चार दिवस गप्प होते कारण लिहीत होते. सगळ्यांचे मनापासून आभार.

लेख पुन्हा पहिल्यापासून लिहिला. हजाराचे चौदाशे शब्द झाले, संपादकांनी चालवून घेतलं. ओझार्कमधलं बालपण आणि जहाज ठेवलंय. मास्तरांचा तेवीस वर्षांच्या अटीचा मुद्दा मधोमध घेतलाय, कारण मला आता वाटतं की या माणसाने स्वतःच शोधलेलं सर्वांत चांगलं उत्तर स्वतःच्याच हाताने मोडलं, आणि ते मोडताना किंमत दुसऱ्यांनी भरली. किरणचा बंद दाराचा परिच्छेद आहे. शेअर आणि मतदानाचंही आहे. रात्रपाळी, तुमच्या पार्किंगचं वाक्य आहे, तुमचं नाव न घालता. सीसी मांजरीला जागा नाही उरली, बोकेराव माफ करा.

मसुदा दोघींनाही वाचून दाखवला, तोंडी इंग्रजी करत. नर्स म्हणाली, तिच्याबद्दल थोडं कमी लिही, बाकी बरोबर आहे. लॅबमधली शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, तुझ्या त्या फोरमवरचा फोनवाला माणूस माझ्याशी खरंच बोलेल का?

कर्ज फेडरलच आहे, आम्ही तपासलं. जुन्या याहू खात्यात २०११ चे सतरा ईमेल सापडलेत. शनिवारी सकाळी ती माझ्याकडे येणार आहे. @फोनवरचा_एक, तुमच्याकडे तेव्हा किती वाजलेले असतील? व्यनि केलाय.

---

फोनवरचा_एक

कितीही वाजलेले असू देत. फोन करा.